मण्यारीचे विष आणि जागा माणूस

श्रोतेहो, आपल्याकडे खेड्यापाड्यांत रात्रीच्या वेळी सापाचे नाव घेत नाहीत. 'जनावर' म्हणतात, कुठे 'लांबडं' म्हणतात, आणि कुणाला साप चावला तर 'अमक्याला पान लागलं' असे हलक्या आवाजात सांगतात. या पान लागण्याविषयीच मला आज बोलायचे आहे. पण सापाविषयी थोडे, आणि साप चावल्यावर आपल्या शरीराच्या आत काय घडते त्याविषयी अधिक. नाग आणि मण्यार यांचे विष आपल्या मज्जातंतूंवर काय परिणाम करते, हा आजचा विषय. विषय शास्त्राच्या पुस्तकातला खरा. परंतु पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपणाऱ्या प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे.

सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सरासरी दरवर्षी अठ्ठावन्न हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा हिशेब आहे. यांतली बहुतेक माणसे खेड्यांतली. आपल्याकडे माणूस मारणारे साप मुख्यत्वे चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांपैकी घोणस आणि फुरसे यांचे विष रक्तावर चाल करते. पाय सुजतो, आग होते, हिरड्यांतून रक्त येते. घरातल्या आजीबाईलासुद्धा कळते की काहीतरी भयंकर झाले आहे. नागाचा दंशही बहुधा सुजतो, ठणकतो. मण्यारीचे मात्र तसे नाही, आणि म्हणूनच आज तिच्यावर मी अधिक वेळ घालवणार आहे.

मण्यार दिवसा कुठेतरी विटांच्या ढिगात, बिळात गप्प पडलेली असते. काळसर निळा तुळतुळीत रंग, अंगावर पांढऱ्या बारीक रेघांचे जोड. आपल्या घरात निरुपद्रवी कवड्या साप येतो, त्याच्याही अंगावर असे पट्टे असतात. पण कवड्याचे पट्टे मानेकडे ठसठशीत आणि शेपटीकडे पुसट, मण्यारीचे नेमके उलट. अर्थात मध्यरात्री दिव्याच्या उजेडात ही तपासणी करत बसू नये. मण्यार बाहेर पडते ती रात्री, उंदीर, पाली आणि दुसरे साप यांच्या शोधात. जमिनीवर झोपलेल्या माणसाने कूस बदलली, तिच्या अंगावर हात पडला, की ती चावते. दात इतके लहान की पुष्कळदा खूणही सापडत नाही. झोपलेल्याला मुंगी चावल्यासारखे वाटते. तो तेवढ्यापुरता खाजवतो आणि पुन्हा झोपतो.

मग पहाटे केव्हातरी पोटात कळ येते. उलटी होते. घरचे म्हणतात, रात्री जेवणात काही आले असेल. ओवा देतात, सोडा देतात. थोड्या वेळाने रोग्याच्या पापण्या जड होतात. आणि इथे कुणीतरी मायेने म्हणते, "रात्रभर जागलाय, झोपू द्या त्याला." श्रोतेहो, या एका वाक्याने आपल्याकडे किती जीव गेले असतील कोण जाणे! त्या पापण्या झोपेने मिटत नसतात. पापणी वर उचलणारा बारीकसा स्नायू निकामी झालेला असतो, आणि त्याच्या मागोमाग जीभ, घसा, मान आणि शेवटी छातीचे स्नायू जाणार असतात.

राजस्थानात वाळवंटाच्या बाजूला 'पीवणा' नावाच्या सापाची गोष्ट सांगतात. हा साप म्हणे रात्री निजलेल्या माणसाच्या छातीवर बसतो, त्याचा श्वास पिऊन टाकतो आणि सूर्य उगवायच्या आत निघून जातो. ऐकून हसू येईल; पण जरा विचार करून बघा. माणूस रात्री धडधाकट झोपला. सकाळी अंगावर जखम नाही, सूज नाही, रक्त नाही. फक्त श्वास थांबलेला. पाहणाऱ्यांनी जे पाहिले ते खरे होते, कारण तेवढे चुकले. साप श्वास पीत नाही. तो श्वास घेण्याचा हुकूम वाटेत अडवतो. तो कसा, हे समजले म्हणजे पुढचे सगळे आपोआप समजते.

आपल्या मेंदूतून मज्जातंतू निघतात, पाठीच्या कण्यातून खाली उतरतात आणि हातापायांच्या, छातीच्या, चेहऱ्याच्या प्रत्येक स्नायूपर्यंत पोचतात. त्यांतून हुकूम जातो तो विजेसारखा. पुष्कळांची अशी समजूत असते की तारेला दिवा जोडावा तसा मज्जातंतू स्नायूला चिकटलेला असतो. तसे नाही. दोघांच्यामध्ये एक फट आहे, एका मिलिमीटरचे वीस हजार भाग करावेत त्यांतल्या एका भागाएवढी. हुकूम या फटीपर्यंत येतो आणि थांबतो. पुढचा प्रवास होडीने.

होडी म्हणजे काय, तर ॲसिटिलकोलीन नावाचे एक रसायन. मज्जातंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत ते भरून ठेवलेले असते. हुकूम आला की पिशव्या फुटतात, रसायनाचे कण फटीत सुटतात, पलीकडच्या तीरावर स्नायूच्या अंगावर त्यांच्याकरिता बांधलेले धक्के असतात त्यांना लागतात, आणि स्नायू आखडतो. काम झाले की होड्या तिथल्या तिथे मोडून टाकणारे एक द्रव्यही फटीत हजर असते, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहायचा. मी आता हा शब्द उच्चारेपर्यंत माझ्या जिभेत ही ये-जा कितीदा तरी झाली.

हे रसायनाचे काम आहे हे ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली दाखवले. त्याने दोन बेडकांची हृदये क्षारपाण्यात धडधडत ठेवली. एका हृदयाचा मज्जातंतू उत्तेजित करून त्याची गती मंद केली, आणि त्या हृदयातले पाणी दुसऱ्या हृदयाला दिले. दुसऱ्याच्या मज्जातंतूला हात लावला नव्हता, तरी तेही मंदावले. म्हणजे पाण्यात काहीतरी उतरले होते. या प्रयोगाची कल्पना लोवीला झोपेत सुचली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे १९३६ साली त्याला आणि इंग्लंडच्या हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता नागाकडे येऊ. नागाच्या विषातला एक घटक रक्तातून स्नायूपर्यंत पोचतो आणि पलीकडच्या तीरावरचे धक्के अडवून बसतो. आपल्या होड्या निघतात, पण त्यांना लागायला जागाच नसते. मेंदू हुकूम देतो आहे, तंतू तो नेतो आहे, होड्या सुटत आहेत आणि स्नायू ढिम्म आहे. इथे डॉक्टरांना एक युक्ती करता येते. होड्या मोडणाऱ्या द्रव्यालाच काही काळ रोखणारे निओस्टिग्मिन नावाचे औषध आहे. ते दिले की होड्यांची गर्दी वाढते, आणि विषाचा कण जरा हलला की त्या जागेत आपली होडी शिरते. नागाच्या दंशात याचा पुष्कळदा उपयोग होतो, आणि मिटलेल्या पापण्या काही वेळातच उघडू लागतात.

नागाचा विषय निघाला की मुंगसाचा निघतोच. मुंगूस लढाईनंतर रानात जाऊन मुंगूसवेल खाते आणि विष उतरवते, असे आपल्याकडे सांगतात. १९९२ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी मुंगसाच्या स्नायूवरचे हे धक्के तपासले. त्यांची घडण किंचित वेगळी निघाली: आपली होडी त्यांना लागते, पण नागाच्या विषाचा हा घटक तिथे पकड घेऊ शकत नाही. सापाच्या स्वतःच्या स्नायूचीही अशीच तऱ्हा आहे. म्हणजे मुंगसाची वेल रानात नाही, ती त्याच्या अंगातच आहे. तुमच्या-माझ्या अंगात ती नाही, आणि कोणतीही मुळी उगाळून ती येत नाही.

मण्यारीची चाल याहून खोल असते. तिच्या विषात धक्के अडवणारा घटक असतोच. शिवाय आणखी एक असतो, तो अलीकडच्या तीरावर, मज्जातंतूच्या टोकावरच हल्ला करतो. आधी होड्यांचा साठा संपतो, मग होड्या बांधण्याचा कारखानाच मोडतो. मज्जातंतूचे ते टोक अक्षरशः नष्ट होते. या घटकाचा जातभाई आपल्या पोटातही आहे. अन्नातली चरबी पचवायला स्वादुपिंडातून जो पाचकरस येतो त्यात तो सापडतो. सापाने पचनाचेच हत्यार धार लावून वापरले म्हणा ना! अलीकडे होड्याच उरल्या नाहीत, म्हणून मण्यारीच्या दंशात वरच्या युक्तीचा फारसा उपयोग होत नाही. नवे टोक फुटेपर्यंत थांबावे लागते. ते फुटते, हे महत्त्वाचे. झाडाची छाटलेली फांदी पालवते तसे ते फुटते. पण त्याला दिवस लागतात, कधी आठवडे लागतात.

मण्यारीच्या वंशातल्या तैवानमधल्या एका सापाच्या विषातून हे दोन्ही घटक १९६३ साली तिथल्या चँग आणि ली या शास्त्रज्ञांनी वेगळे काढले. त्यांतला धक्के अडवणारा घटक इतका नेमका चिकटतो की, त्याच्याच आधाराने १९७० च्या सुमारास शास्त्रज्ञांनी ते धक्के वेगळे काढून अभ्यासले. ज्या रोगात माणसाच्या पापण्या आणि स्नायू विनाकारण थकत जातात, त्या मायस्थेनियाचे कारण त्यातून उलगडले. मण्यारीच्या भाऊबंदांकडून वैद्यकाला मिळालेली ही देणगीच.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. हे विष मेंदूत जात नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने एक पहारा ठेवला आहे, तो ते ओलांडत नाही. कान ऐकतात, कातडीला स्पर्श कळतो, विचार चालू असतो, हृदय धडधडत असते. बंद पडतात ते मुख्यतः हुकमाने चालणारे स्नायू. मग रोग्याला आतून काय वाटत असेल?

याचे उत्तर एका माणसाने स्वतःवर प्रयोग करून दिले आहे. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला 'क्युरारी' नावाचे विष लावत. तेही असेच पलीकडचे धक्के अडवते, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी १९४२ पासून ते वापरात आले. त्याने शुद्ध हरपते की नाही, यावर डॉक्टरांत वाद होता. १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेतल्या स्कॉट स्मिथ या डॉक्टरने ते स्वतःला टोचून घेतले. सहकारी त्याला बाहेरून श्वास देत होते. त्याला बोट हलवता येईना, पापणी उचलता येईना. परिणाम उतरल्यावर त्याने सांगितले की सगळा वेळ मी पूर्ण जागा होतो. खोलीत कोण काय बोलले हेही त्याला आठवत होते.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांना काही वर्षांपूर्वी शेतातल्या खोपीत मण्यार चावली. ते वाचले. त्यांनी मला सांगितले, "सर, मला सगळं ऐकू येत होतं. माझा धाकटा भाऊ म्हणत होता, आता राहिलं नाही काही, घरी घेऊन चला. मी मनात ओरडत होतो, अरे मी हाये! पर व्हटच हलंना." एका तरुण डॉक्टरने हट्टाने घरी नेऊ दिले नाही. सहाव्या दिवशी त्यांच्या पायाचा अंगठा हलला.

अशा रोग्याचे डोळे उघडून पाहिले तर बाहुल्या पसरलेल्या आणि उजेडालाही न हलणाऱ्या असू शकतात. मेंदू मेलेला माणूस असाच दिसतो. जाणते डॉक्टरही अशा वेळी फसल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून पहाटे असा निश्चेष्ट माणूस आढळला, तर तो गेला असे कुणीही अंगणात उभे राहून ठरवू नये. तो ऐकत असण्याचा संभव आहे, आणि त्याच्याशी धीराचे दोन शब्द बोलायला पैसे पडत नाहीत.

याच ज्ञानाने आपल्या एका जुन्या परीक्षेचा निकाल लागतो. साप चावलेल्याला कडुनिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढले. मी कुणाच्या श्रद्धेला हात घालत नाही. मारुतीच्या देवळापुढे गाडी क्षणभर थांबवून हात जोडावेत आणि पुढे जावे. पण पाल्याची परीक्षा ही नेमकी ज्या गोष्टीला विष शिवत नाही तिची परीक्षा आहे. चव मेंदूकडे नेणारे तंतू शाबूत असतात. मण्यार चावलेल्यालाही निंब कडूच लागणार! तो "कडू लागतंय" म्हणेल, मंडळी सुटकेचा श्वास टाकतील, आणि तासाभरात त्याचा श्वास अडेल. मांत्रिकाच्या हातून माणसे वाचतात हेही खोटे नाही. धामण, दिवड, कवड्या यांना विष नसतेच, आणि विषारी सापसुद्धा कित्येकदा नुसते दात लावून जातो, विष सोडत नाही. अशा रोग्याला कुणीही बरे करील.

त्याऐवजी शिक्षकांनी मुलांना दुसरी परीक्षा शिकवावी. रोग्याला वर बघायला सांगा. पापण्या डोळ्यांवर उतरल्या आहेत का पाहा. उशीवरून मान उचलून धरायला सांगा. दीर्घ श्वास घेऊन एका दमात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. धडधाकट माणूस सहज पंचवीस-तीसपर्यंत जातो. दवाखान्याच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी हे करावे. आधी पंचवीस, मग अठरा, मग दहा असे आकडे उतरू लागले, आवाज नाकात येऊ लागला, थुंकी गिळवेना, तर छातीचे स्नायू चालले आहेत असे समजावे आणि हे आकडे डॉक्टरांना सांगावेत. मुलांना हा खेळ वाटेल, आणि खेळ म्हणून शिकलेले लक्षात राहते.

उपचार दोनच: प्रतिविष आणि श्वास. प्रतिविषाची लस फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेतने १८९५ च्या सुमारास प्रथम तयार केली. घोड्याला सापाचे विष थोडे थोडे टोचत जायचे आणि त्याच्या रक्तात जी प्रतिद्रव्ये तयार होतात ती काढून घ्यायची, ही ती रीत. आपल्याकडे मुंबईच्या हाफकिनचे नाव या कामासाठी सर्वांना ठाऊक आहे. लसीसाठी लागणारे विष पुष्कळसे तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. परंपरेने साप पकडणाऱ्या या मंडळींनी १९७८ साली ती संस्था काढली. आपली लस चारही मुख्य सापांवर चालते, म्हणून साप मारून दवाखान्यात आणण्याची गरज नाही. त्याच्या मागे धावताना दुसऱ्यालाच पान लागायचे.

मात्र लस काय करते ते ध्यानात घ्या. ती रक्तात फिरणारे विष पकडते. मज्जातंतूच्या टोकात शिरून काम करून बसलेल्या मण्यारीच्या विषाला ती बाहेर ओढू शकत नाही. म्हणून जितकी लवकर, तितकी उपयोगी. सूज येते का पाहू, उजाडेपर्यंत थांबू, असे म्हणण्यात जो वेळ जातो तो परत मिळत नाही. एका कुपीतली दहा मिलिलिटर लस मण्यारीच्या साडेचार मिलिग्रॅम विषालाच पुरते, म्हणून सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या शिरेतून द्याव्या लागतात. कुप्यांची रांग पाहून नातेवाईकांनी घाबरू नये. कुणाकुणाला या लसीची ॲलर्जी येते, तेव्हा ती दवाखान्यातच घ्यावी.

आणि श्वास थांबलाच, तर तो उसना द्यायचा. यंत्र असेल तर यंत्राने, रबरी पिशवी असेल तर ती हाताने दाबून, आणि रस्त्यात काहीच नसेल तर तोंडाने तोंडात. नवी टोके फुटेपर्यंत कुणीतरी हे काम चालू ठेवले, तर हा माणूस उठून घरी चालत जातो. इतक्या भयंकर दिसणाऱ्या दुखण्यातून इतके पूर्ण बरे होणे वैद्यकात फार थोड्या ठिकाणी आढळते.

वाटेत काय करू नये तेही सांगतो. दंशावर चिरा घेऊ नका, तोंडाने ओढू नका, दोरीने करकचून आवळू नका. आवळलेली दोरी एकदम सोडली की साठलेले विष एकदम पुढे जाते. ती आधीच बांधलेली असेल तर डॉक्टरांसमोरच सोडवावी. अंगठी, कडे, पैंजण काढून ठेवा. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी बांधून हात किंवा पाय स्थिर ठेवा, उलटी किंवा लाळ घशात जाऊ नये म्हणून रोग्याला कुशीवर निजवा, चालवू नका, आणि १०८ क्रमांकावर फोन करा.

नेपाळच्या तराईत झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, मच्छरदाणी लावून झोपणाऱ्यांना सर्पदंश पुष्कळ कमी होतो. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचाव्यात. खाट असेल तर फारच उत्तम. रात्री बाहेर जाताना हातात बॅटरी असावी.

शिक्षक मंडळी एक प्रश्न नेहमी विचारतात, त्याचे उत्तर देऊन थांबतो. लहान मुलाला लस निम्मी द्यायची का? नाही. इतर औषधे वजनाप्रमाणे देतात. ही लस विषाच्या प्रमाणात देतात, आणि समोर मूल आहे म्हणून मण्यार कमी विष टोचत नाही. पाच वर्षांच्या मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच कुप्या लागतात.